‘येत नाही’ म्हणणाऱ्या पोरापासून सुरुवात कर

अगं, नाशिकच्या शाळेने निसर्गशिक्षणाचं काम तुझ्याकडे सोपवलं हे ऐकून फार बरं वाटलं. आठवी ते दहावीची पोरं म्हणजे तेरा ते सोळा वर्षांची, घर आणि बाहेरचं जग यांच्या मधोमध उभी असलेली. फोनवर तू विचारलंस, ‘मावशी, कुठल्या किल्ल्यापासून सुरुवात करू?’ किल्ल्याचं आपण नंतर बघू. आधी वर्गात जा आणि सहलीचा कागद मिळाला की त्याची घडी घालून दप्तरात ठेवणारी आणि दुसऱ्या दिवशी ‘मॅडम, मी येत नाही’ एवढंच म्हणणारी पोरं कोण, त्यांची नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढ. तुझी सगळी आखणी त्या नावांपासून सुरू झाली पाहिजे. ज्यांचे वडील रविवारी सायकलवर गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतात, ज्यांच्या घरी गाडी आहे, सॅक आहे, ती पोरं तू काहीही आखलंस तरी येतील. ‘येत नाही’वाल्यांसाठी आखलेलं सगळ्यांना चालतं. त्याच्या उलट मात्र चालत नाही. इतकी वर्षं शिकवून माझ्या हाती हे एवढं लागलं आहे, आणि पुढे जे सांगते ते सगळं त्याच्याच पोटातलं आहे.

‘येत नाही’च्या मागचं कारण पोर कधी सांगत नाही. ‘डोकं दुखतं’, ‘घरी काम आहे’, ‘मला नाही आवडत डोंगर’ असं सांगतं. न आवडणाऱ्यांतली निम्म्याहून अधिक पोरं डोंगराच्या पायथ्याशीसुद्धा गेलेली नसतात. सिडकोतल्या खोलीतून पांडवलेण्यांचा डोंगर रोज दिसतो आणि तरी त्यावर पाय ठेवलेला नसतो, अशी दहावीची पोरं मी खूप पाहिली. आई-वडील धुळ्या-जळगावाकडून कामाला आलेले, बाप अंबडला कारखान्याच्या पाळीत, आई चार घरची धुणीभांडी. फिरायला जायचं म्हणजे गावी जायचं, लग्नाला नाहीतर बाराव्याला. डोंगर पाहायला म्हणून कुणी घराबाहेर पडतं, हेच त्या घराला नवं असतं.

पैशाचं आधी सांगते, कारण तिथेच पहिलं पोर गळतं. ‘ज्यांना शक्य नाही त्यांनी मला येऊन भेटा’ हे वाक्य वर्गात कधीही उच्चारू नकोस. कुणीही येऊन भेटत नाही. त्या वयात पोराला उपाशी राहणं परवडतं, चारचौघांत गरीब ठरणं परवडत नाही. त्यापेक्षा सगळ्यांना सारखीच आणि इतकी लहान रक्कम ठेव की ती मागताना आईच्या कपाळाला आठी पडणार नाही. वरचा खर्च माजी विद्यार्थ्यांकडून, ओळखीच्या डॉक्टरांकडून उभा कर आणि तो कुठून आला हे पोरांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. एसटी महामंडळ शैक्षणिक सहलींना भाड्यात निम्मी सवलत देतं. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन डेपोत आधी जाऊन यायचं, आदल्या दिवशी गाडी मिळत नाही. वीस-पंचवीसच पोरं असतील तर सिटीलिंकची साधी बस पकड. ती त्र्यंबकपर्यंत जाते, अंजनेरी फाट्याला उतरता येतं. खाजगी आरामगाडीपेक्षा मला ही बस जास्त आवडते, त्याचं कारण पैशाच्या पलीकडचं आहे. एकदा शाळेबरोबर त्या बसने गेलेलं पोर पुढच्या सुट्टीत भावंडांना घेऊन त्याच बसने जाऊ शकतं. बस कुठून सुटते, तिकीट किती, शेवटची गाडी किती वाजता, हे त्याला आता ठाऊक असतं. आरामगाडीने नेलेलं पोर पुन्हा आरामगाडीचीच वाट बघत बसतं.

पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. दहावीतली बहुतेक त्या वयापुढे गेलेली असतात, म्हणून सगळ्यांची ओळखपत्रं बरोबर ठेव आणि मोठ्यांच्या तिकिटांचे पैसे आधीच वेगळे काढ. दारात उभं राहून ‘कोण पंधराच्या वर आहे, त्यांनी पैसे काढा’ असं व्हायला नको.

मग सामानाची यादी. शाळा यादी काढतात: ट्रेकिंगचे बूट, सॅक, टोपी, रेनकोट, दोन लिटरची बाटली. ती वाचूनच पोर घरी बसतं. तुझ्या यादीत एकच ओळ असू दे: शाळेत येतोस तसाच ये. कॅनव्हासचे शाळेचे बूट जवळपासच्या सगळ्या वाटांना पुरतात, फक्त तळवा गुळगुळीत झालाय का ते आदल्या दिवशी प्रत्येकाचा पाय उचलून बघ. चप्पल नको. बुटांचं कपाट शाळेतच कर. दहावी होऊन गेलेली पोरं आपले बूट, टोप्या, रेनकोट देऊन जातात, फक्त कुणीतरी मागायला हवं. आणि कपाटातल्या वस्तू ‘ज्यांच्याकडे नाही त्यांना’ म्हणून वाटू नकोस, सगळ्यांनी तिथूनच टोपी घ्यायची असा रिवाज पाड. दप्तर रिकामं केलं की सॅक झाली. टी-शर्ट छापायच्या भानगडीत पडू नकोस. त्याच्या पैशात आणखी एक फेरी होते.

वाराचा विचार कर. रविवार सुट्टीचा म्हणून आपण तो धरतो, पण कष्टाच्या घरात रविवार सगळ्यात गच्च असतो. कुणी मामाच्या भाजीच्या गाडीवर उभं राहतं, कुणी लग्नसराईत केटररकडे वाढपी म्हणून जातं, मोठ्या पोरींच्या अंगावर धाकटी भावंडं आणि आठवड्याचे कपडे असतात. शाळेच्याच दिवशी जा. सकाळी सातला निघून दुपारी एकपर्यंत परत, म्हणजे घराला तो शाळेचाच दिवस वाटतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत, आठवीची फेरी त्यात बसव. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे. गोदावरीच्या काठी चालणं, नाला नदीला कुठे मिळतो ते पाहणं, धरणाची भिंत पाहणं हे त्याच विषयाचं काम आहे, असं मुख्याध्यापकांना लेखी दे. ‘पोरांना हवापालट’ असं लिहिलंस तर फाईल टेबलावर पडून राहील.

आता परवानगी. मुलांना ती सहज मिळते, मुलींची अडते. पालकसभा शाळेत घेतलीस तर ज्या आया यायला हव्यात त्याच येत नाहीत, पाळी चुकवून कोण येणार? संध्याकाळी सातनंतर तू वस्तीत जा. फुलेनगर असो, वडाळा असो, सातपूरची कामगार वस्ती असो, एका घराच्या ओट्यावर बसलीस की आजूबाजूच्या चार आया आपोआप जमतात. तिथे डोंगराचं कौतुक सांगू नकोस. आईला तीन गोष्टी हव्या असतात: बरोबर बाई कोण आहे, परत किती वाजता आणि फोन कुणाला करायचा. परतीची वेळ तुला वाटते त्यापेक्षा तासभर पुढची सांग. एकला येते म्हणून दोनला आलीस तर पुढची परवानगी गेली. दोनला सांगून एकला आलीस तर तीच आई शेजारणीला सांगते. आणि दर फेरीला एका आईला बरोबर घे. तिचा त्या दिवसाचा रोज बुडणार असेल तर तो भरून दे, आणि हा खर्च हिशोबात उघड लिही. एक आई डोंगरावर जाऊन आली की तिच्या गल्लीतल्या दहा मुलींची वाट मोकळी होते, हे माझ्या पाहण्यातलं आहे.

मुसलमान घरांतल्या मुलींविषयी शिक्षकखोलीत आधीच ठरवून टाकलेलं असतं की ‘त्या येत नाहीत’. बहुतेक वेळा त्यांना नीट विचारलेलंच नसतं. शुक्रवार दुपार टाळ, रमजान बघून तारीख ठरव, डोक्यावरचा स्कार्फ तसाच राहील हे आधी सांग. सलवार-कुर्त्यात पांडवलेणी आरामात चढता येतात, ओढणी फक्त कमरेला गाठ मारून घ्यायची. कपड्याचा नियम एकच ठेव: पाय मोकळा टाकता आला पाहिजे.

मुली न येण्याचं आणखी एक मोठं कारण आहे आणि ते कुणीही तोंडाने बोलत नाही. जागेवर संडास आहे का, आणि पाळी आली तर काय. आदल्या आठवड्यात मुलींना वेगळं बसवून हे स्वच्छ शब्दांत बोल. वाटेत कुठे कुठे सोय आहे, तिथे पाणी आहे का, हे तू स्वतः आधी पाहून आलेली असलीस तरच बोल, अंदाजाने नको. पिशवीत पॅड, जुनी वर्तमानपत्रं, साबण, एक जुनी चादर आणि एक मोठी छत्री ठेव. जिथे सोय नाही तिथे दोघी चादर धरतात, तिसरी जाते. निघताना, पायथ्याला आणि परतताना असं तीन वेळा थांबायचंच, कुणाला मागायला लावायचं नाही. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत ते याच भीतीने, आणि मग उन्हात भोवळ येऊन पडतात. लोक म्हणतात, मुली नाजूक. त्या तहानलेल्या असतात.

डब्याचंही असंच आहे. पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, नववीच्या पोराला शाळेत काही नाही. सकाळी सहाला घरात चूल पेटलेली नसेल तर ते पोर डब्याशिवाय येतं आणि खायच्या वेळी ‘भूक नाही’ म्हणून लांब दगडावर जाऊन बसतं. म्हणून एक खाणं सगळ्यांचं एकत्र ठेव: फुटाणे, गूळ, शेंगदाणे, केळी. स्वस्त, सहसा कुणाला वर्ज्य नाही, अर्ध्या दिवसात नासत नाही. ज्यांनी डबे आणलेत त्यांनी मध्ये ठेवावेत, पण कुणाच्या डब्यात काय आहे यावर शेरा चालणार नाही, हे पहिल्याच फेरीत ठणकावून सांग. कुणाकडे अंडं असेल, कुणाकडे सुकट असेल, कुणी कांदाही खात नसेल. पाण्याची बाटली तोंडाला न लावता सगळ्यांनी सगळ्यांची प्यायची. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात ज्या शहरात सत्याग्रह सुरू झाला, त्या शहरातल्या पोरांनी एकमेकांच्या बाटलीतलं पाणी पिणं ही मला अजूनही लहान गोष्ट वाटत नाही. तू त्यावर भाषण देऊ नकोस, फक्त तसं घडेल असं बघ.

हे सगळं झालं की मग जागा. पहिली फेरी पांडवलेणीच. पाथर्डी फाट्याकडे जाणारी बस, पंधरा-वीस मिनिटांची पायऱ्यांची चढण, वर सावली. आणि या लेण्यांइतकी सगळ्यांची जागा मला दुसरी ठाऊक नाही. तिथल्या चोवीस लेण्यांत राजे आहेतच. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, मोठा लेख आहे. पण तू पोरांना दहाव्या लेण्यासमोर जास्त वेळ बसव. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तिथे कोरून ठेवलंय की भिक्षूंच्या वस्त्रांसारख्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली, दोन हजार एकीकडे, एक हजार दुसरीकडे, आणि व्याजाचा दरसुद्धा लिहिलाय. त्याच लेण्याच्या अंगणात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला विष्णुदत्ता नावाच्या शक बाईचा लेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तिने ठेव ठेवली, ती कुंभारांच्या, तेल्यांच्या श्रेणींकडे. सतराव्या लेण्याचा दाता उत्तरेकडून आलेला यवन, म्हणजे ग्रीक. अठराव्यातल्या चैत्याच्या दर्शनी भागासाठी एका अख्ख्या गावाने दान दिलं.

आता बघ, ज्याचे आजोबा मालेगावात मागावर बसायचे त्या पोराला सांग की या डोंगराच्या परिसरात जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी विणकरांकडे लोक विश्वासाने पैसे ठेवत होते आणि ते दगडात लिहिलंय. ज्याचे आई-बाप बिहारमधून आलेत त्याला सांग की परक्या मुलखातून आलेल्या माणसाने इथे लेणं खोदवलं. बौद्ध घरातली पोरं तर या डोंगराला त्रिरश्मी म्हणतात, पायथ्याच्या विहारात ती लहानपणापासून आलेली असतात. त्या दिवशी वाट दाखवायचं काम त्यांना दे. ब्राह्मी लिपीतली पाच-सहा अक्षरं आधी फळ्यावर शिकवून ने, वर गेल्यावर पोरं ती भिंतीवर शोधत सुटतात. आणि ते गोवर्धन गंगापूरच्या वाटेवर आजही त्याच नावाने आहे. वर्गातलं एखादं पोर तिथूनच येत असायचं.

दुसरी फेरी नदीची. पंचवटीतल्या शाळेला तर बसही लागत नाही, तपोवनापर्यंत पायी जाता येतं. २०२५च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तिथली झाडं तोडायच्या प्रस्तावावरून शहरात केवढं आंदोलन उठलं ते तू पाहिलंसच. पोरांना बाजू घ्यायला लावू नकोस. सुतळी दे, झाडांच्या बुंध्यांचे घेर मोजायला लाव, कुठलं झाड कशाचं ते लिहायला लाव. आपल्या घरापासून चालत जाता येईल अशी झाडं ज्याने मोजली, त्याला पुढे काय म्हणायचं ते त्याचं तो ठरवेल. पाण्यात मात्र कुणीही उतरायचं नाही. सोमेश्वरला नाही, धरणावर नाही, कुठेच नाही. पोहता येणाऱ्या पोरांनीही नाही, कारण बुडायची पाळी बहुधा त्यांच्यामागून उतरणाऱ्यावर येते.

थंडीत नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं हे पाणी, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झालं. ही फेरी मी मुद्दाम सांगते, कारण इथे चढण नाही. ज्या पोराचा पाय अधू आहे, ज्याला दमा आहे, जे जाड आहे म्हणून सगळे हसतात, त्या सगळ्यांना इथे बाकीच्यांच्या बरोबरीने चालता येतं. दरवेळी त्यांना ‘तू खाली बस, बॅगा सांभाळ’ असं सांगतात. तुझ्या फेरीत बॅगा कुणी सांभाळायच्या नाहीत. वर्षाच्या फेऱ्यांतल्या किमान दोन अशा ठेव की ज्या सगळ्यात कमी चालणाऱ्याला झेपतील, आणि त्या कमी दर्जाच्या आहेत असं चुकूनही बोलू नकोस. गावातला वाटाड्या घे, त्याला त्याचे पैसे रोख आणि आदराने दे. चक्रवाक, शेकाट्या, चमचा, जांभळी पाणकोंबडी ही चार पाखरं ओळखता आली तरी पहिल्या खेपेला खूप झालं. ज्या पोराला दिसत नाही त्याच्याकडे पाखरांच्या आवाजांची नोंद दे, पुष्कळदा डोळसांपेक्षा ते जास्त पाखरं वेगळी काढतं. पाच पोरांमागे एक दुर्बीण पुरते, पण ती फिरते आहे ना यावर लक्ष ठेव. धीट पोरं ती सोडत नाहीत.

मग रामशेज. आशेवाडी गावातून चढ, छोटा किल्ला, पायऱ्या आहेत. १६८२ मध्ये मुघल फौजेने वेढा घातला आणि काही वर्षं झुंजूनही गड हाती आला नाही, ही गोष्ट पोरांना वर बसून ऐकायला आवडते. अंजनेरी त्यानंतर, पावसाळा सरताना. तिथे एक कंदीलपुष्प आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि नावच या डोंगराचं मिळालं. २०१७ पासून तो डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. म्हणून वाट सोडायची नाही, पान तोडायचं नाही, ओरडायचं नाही. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत.

हरिहरला नेऊ नकोस. कोरीव पायऱ्यांचे फोटो फोनवर पाहून पोरं हट्ट करतील. ती चढण उभी आहे, उतरताना घाबरलेलं एक पोर मध्येच बसलं की वरचे-खालचे सगळे अडकतात, आणि सुट्टीला तिथे जत्रा असते. भर पावसात दुगारवाडीसारख्या धबधब्यांनाही नाही. वर डोंगरात कोसळतो तो पाऊस खाली दिसत नाही आणि पाणी एकदम चढतं.

चालताना सगळ्यात हळू चालणारं पोर सगळ्यात पुढे. मागे ठेवलंस तर ते धापा टाकत येऊन पोहोचतं तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून उठलेले असतात, म्हणजे ज्याला गरज त्यालाच विसावा नाही. दहा-बारा पोरांमागे एक मोठं माणूस, शेवटी एक अनुभवी शिक्षक. पोरांना आकडे दे आणि दर थांब्याला आकडे म्हणायला लाव. अत्तर, डिओ, धूर नको, कड्यांना आग्या मोहोळं असतात. ती उठली तर डोकं-तोंड झाकून मुकाट खाली सरकायचं, हात झटकायचे नाहीत. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, त्या पोराला चालवायचं नाही, १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय. कुठल्या वळणावर फोन लागतो ते आधी पाहून ठेव. बिबटे आपल्याकडे ऊस आणि डोंगर दोन्हींत आहेत, तेव्हा अंधार पडायच्या आत घरी. शिक्षण खात्याची परवानगी, पालकांची सही, वनखात्याचं नाकं, प्रथमोपचाराची पेटी, विमा, यातलं एकही ‘बघू नंतर’ म्हणून सोडायचं नाही. कड्या-दोराचं काम करायचं असेल तर वैनतेयसारख्या जुन्या गिर्यारोहण संस्थेची माणसं घे, स्वतः दोर हातात धरू नकोस.

तुझ्या वर्गात वसतिगृहात राहणारी पेठ-सुरगाण्याची, त्र्यंबककडची आदिवासी पोरं असतील. शहरातल्या वर्गात ती मान खाली घालून बसतात, भाषेला हसतात म्हणून. डोंगरावर तीच तुझे गुरू आहेत असं धर. कुठला पाला खातात, कुठलं फळ बाधतं, कुठे दगड निसटेल, त्यांना घरचं ठाऊक असतं. ती झाडाचं जे नाव सांगतील ते आधी लिहून घे, पुस्तकातलं नाव त्याच्याशेजारी. कधीही ‘बरोबर नाव असं आहे’ म्हणू नकोस. त्र्यंबक तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक घेऊन आली. चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच मुलं २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर उभी राहिली. हे पोरांना सांग, पण ते फेरीचं उद्दिष्ट करू नकोस. ज्याला चढायचंय त्याला वाट दाखव, ज्याला नुसतं दगडावर बसून खाली आपली गल्ली शोधायचीय त्याला बसू दे.

आता फेऱ्या किती ठेवायच्या ते. कुर्त हान नावाच्या शिक्षकाने १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला आउटवर्ड बाउंड या साहसशिक्षणाच्या चळवळीची पहिली शाळा काढली. तिथे तरुण मुलं जवळजवळ महिनाभर राहून समुद्र आणि डोंगर शिकायची. आपल्या पोरांकडे तो महिना नाही. म्हणून वर्षाकाठी एक मोठी सहल करण्यापेक्षा दर महिन्याला एक अर्धा दिवस दे, आणि त्याच त्याच जागी पुन्हा ने. पांडवलेणी जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये, मार्चमध्ये. दुसऱ्या खेपेला घाबरणारं पोर कमी घाबरतं, तिसऱ्या खेपेला नव्याचा हात धरतं. दहावी झालेल्यांना पुढच्या वर्षी बोलाव आणि आठवीच्या तुकड्या त्यांच्या हाती दे. त्यातही ‘येत नाही’च्या पानावरची नावं आधी घे.

फोटो काढ, पण देणगीदाराच्या फलकाखाली पोरांना उभं करून नको. गरीब पोराचा चेहरा दाखवून आणलेल्या पैशावरून त्या पोराला गल्लीत ऐकून घ्यावं लागतं. हिशोब दाखव, वह्या दाखव, पाहिलेल्या पाखरांची यादी दाखव. देणाऱ्यांपैकी समंजस माणसांना तेवढं पुरतं.

या शनिवारी शाळा सुटली की तू एकटी पांडवलेण्यांना जा, बसनेच. नळाला पाणी आहे का, संडास उघडा असतो का, सावली अकराला कुठे सरकते, कुठल्या पायऱ्या झिजल्यात, फोन कुठे लागतो, परतीच्या बसला किती वेळ थांबावं लागतं, हे लिहून आण. सोमवारी मला फोन कर, मग आपण तारीख घालू आणि पहिल्या फेरीची पंचवीस नावं त्या शेवटच्या पानावरून उतरवू.